तीन विटांची पिशवी

आबा, कडुनिंबाला टांगलेली तुमची पिशवी आज एकोणीस दिवसांनी मी खाली काढली. आठ दिवसांनी काढायची असं तुम्ही बजावलं होतं. पाचव्या दिवशी दुपारी जेवून खुर्चीत टेकलात ते उठलाच नाहीत. मग तिला हात लावायची घरात कोणाची हिंमत होईना. समाचाराला येणारा जो तो आत पाऊल टाकायच्या आधी मान वर करून बघायचा. घरातलं माणूस गेलेलं, आणि अंगणात एका सुती पिशवीत तीन विटा लोंबताहेत! शेजारच्या जमनाबाईंनी तर डोळे पुसता पुसता विचारलं, "यो कई लटकई राख्यो है, बेन? कोई टोटको है कई?" काय सांगणार मी त्यांना? टोटका, करणी वगैरे काही नाही हो, आमच्या वडिलांचा सुतावर विश्वास नव्हता, एवढंच.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. मीही तसंच ठरवून लिहायला बसले. पण तुम्ही सोयच ठेवली नाहीत.

लोकांचे वडील पेन्शनीत निघाले की पोथी वाचतात, देवळात जाऊन बसतात, फार तर सोंगट्या खेळतात. तुम्ही ओट्यावर पाय लांब करून, मिशांना पीळ देऊन, क्रोशाची सुई घेऊन बसायचात. इंदूरच्या साऱ्या पलटणीच्या लाइनीत हा एकच तमाशा होता आणि तो आमच्या दारात होता. पहिल्या महायुद्धात पाय मोडून परमुलखातल्या इस्पितळात पाच महिने पडला होतात, तिथल्या नर्सबाईनं पलंगापलंगावर सुया वाटल्या, कारण रिकामे जवान आपसांत भांडतात. बाकीचे जवान बरे झाले, सुया परत करून आले. तुम्ही सुई घेऊन आलात. लहान असताना मला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट माझ्या टोपीला सगळ्यांपेक्षा जास्त पीळदार कड आहे म्हणून मी मिरवायची. कॉलेजात गेले आणि वाटायला लागलं.

कॉलेजचं निघालंच आहे तर तेही लिहून टाकते. आपल्या घराण्यात अक्षर काढणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यात मुलीनं बी. ए. व्हायचं! काकांनी तोंड फिरवलं. तुम्ही चार वर्षं मला सोडायला आलात. पण बरोबरीनं कधी चालला नाहीत. दहा पावलं मागून. "पुढे आपलं आपण बघायचं, मागचं मी बघतो," एवढंच म्हणायचात. मी निकाल घेऊन आले त्या दिवसापासून माझं नाव तुमच्या तोंडून गेलं ते गेलंच. "बीएबाई, पाणी आणा." "बीएबाई, तुमच्या आईला सांगा, मीठ कमी आहे." त्यात चेष्टा किती आणि अभिमान किती, हे मला शेवटपर्यंत कळू दिलं नाहीत. हीसुद्धा माझी तक्रारच आहे.

आणि त्या पिशव्या! सुतवाल्याकडून जाडं सूत आणायचं, त्याचे तीन पदर घ्यायचे, एक टोक कडुनिंबाला, एक पायाच्या अंगठ्याला, आणि पीळ देत बसायचं. तोवर अंगणातून कोणी जायचं नाही. मी म्हणायची, आबा, उन्हाळ्यात संध्याकाळी फिरायला न्यायची पिशवी ती, जाळीची विणा ना, हलकी होते, दिसते छान, चार दिवसांत होते. तुम्ही म्हणायचात, "जाळी मासे धरायला. काकडी भोकातून डोकं काढून रस्ता बघते." मग सगळी पिशवी मुक्या खांबांची. मुका खांब म्हणजे सुईवर वेढा न घेता घातलेला ठेंगणा, घट्ट टाका. एका ओळीला दुपार जाते. आत पाणी ओतलं तर क्षणभर थांबेल अशी ती वीण. सुई ओढताना तुमचं तोंडानं चालायचंच, "एक-दो, एक-दो, ढील मत दो." गल्लीतली पोरं तुमच्या तालावर कवायत करायची.

तळाचं भांडण तर आपलं अजून मिटलेलं नाही. लांबट तळ सपाट बसवायचा तर दोन्ही टोकांना दर फेरीला तीन-तीन टाके वाढवायला हवेत, हे मी कागदावर आकृती काढून सिद्ध केलं होतं. तुम्ही दोन-दोनच वाढवत राहिलात. अर्थातच कडा वर उचलल्या आणि तळाची वाटी झाली. मी कागद पुढे धरला. तुम्ही चष्मा लावून सगळा कागद वाचलात, उलटा करून मागची बाजूही वाचलीत, आणि म्हणालात, "बीएबाई, खरबूज गोल असतं का सपाट?"

झालं. माझं सगळं गणित खरबुजात गेलं. चूक होती ती तुमची, आबा. आज पुन्हा सांगते. आता तरी उलटून बोलू नका.

पट्टा म्हणजे तर धर्मकृत्य. तो वरच्या काठाला नुसता शिवायचा नाही, तळाखालून घेऊन दोन्ही अंगांनी वर आणायचा, म्हणजे ओझं विणीवर न येता पट्ट्यावर येतं. इथपर्यंत मला पटतं. पण मग म्हणे सूत लांबतं. भरलेली पिशवी खांद्याला लावून निघावं आणि सिरपूरच्या तलावावर पोचेपर्यंत ती गुडघ्याला आपटावी, हे तुम्हाला मंजूर नव्हतं. म्हणून विटा भरून आठ दिवस झाडाला टांगायची, लांबायचं तेवढं लांबू द्यायचं, मग चार बोटं उसवून वरचा जोड पुन्हा घालायचा. तोवर पिशवी कोणाला मिळायची नाही. रजेवरच्या जवानाचा किट तपासावा तसं तुम्ही रोज सकाळी जाऊन पट्ट्याला बोटं लावून मोजायचात. दोन उन्हाळे असे गेले, की वळीव पडून हवा पालटली आणि माझी पिशवी झाडावर.

गेल्या वर्षी मात्र वेळेवर झाली. तिथेच सगळं बिघडलं.

तुम्हाला माहीतच आहे, नव्या राज्याची राजधानी ग्वाल्हेरची. पण उन्हाळ्यात सरकार बाडबिस्तरा घेऊन इंदुरात येतं. फायली येतात, साहेब येतात, आणि आमच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत ग्वाल्हेरच्या कुमुदताईही येतात. तुम्ही त्यावर बोलायची एक संधी सोडली नाहीत. "त्यांची राजधानीसुद्धा हवा खायला आमच्याकडे येते!" इंदूर-ग्वाल्हेर दोन्ही संस्थानं गेली, दोन्ही फौजा मोडल्या, सगळं मिळून एक राज्य झालं, तरी तुमची ग्वाल्हेरशी लढाई चालूच. मी हसायची. पण खरं सांगू का, कुमुदताईंसमोर माझीही मान ताठ व्हायची ती साधी ताठ नव्हती. त्या सरदार घराण्यातल्या, बोलणं तोललेलं, साडीची घडी मोडलेली कधी दिसायची नाही. त्यांच्या घरात आजोबाही शिकलेले. आणि मी शिपायाची मुलगी, पहिलीच बी. ए., एकेक वाक्य तपासून बोलणारी.

सिरपूरच्या तलावावर आम्ही सहा-सात जणी टांग्यांनी गेलो होतो. कुमुदताईंची वेताची टोपली फार सुबक. काठावर उतरताना तिची कडी निखळली आणि पुऱ्या, पन्ह्याची बाटली, सगळं मातीत चाललं होतं. ते सगळं माझ्या पिशवीत भरलं. माझी दोन खरबुजं आधीच होती. तेवढं ओझं घेऊन मी चढ चढले, पट्टा एक बोटभरसुद्धा खाली आला नाही. कुमुदताई थांबल्या, पिशवी हातात घेतली, उलटी केली, टाके बघितले. "काय मजबूत काम आहे हो! कोणी विणली?"

मी म्हणाले, "आईनं."

विचार करायला वेळही घेतला नाही, आबा. जिभेवर तयारच असल्यासारखं आलं. डोळ्यांसमोर तुम्ही होतात, ओट्यावर, मिशा आणि सुई, आणि समोर सरदारांची नात. "आईनं." मग त्यांनी आपल्यासाठीही एक मागितली आणि मी हो म्हणून बसले.

घरी येऊन मी तुम्हाला एवढंच सांगितलं की कचेरीतल्या एकीला अशीच पिशवी हवी आहे. "कुठली आहे ती?" "ग्वाल्हेरची." तुम्ही सुई खाली ठेवलीत. मिशीला हात गेला. "मग दोन विटांनी भागायचं नाही. तीन टांगू."

दिवाळीनंतर तुम्ही आईला धरून बसवलंत. तिच्या हातात सुई दिलीत आणि शिकवणी सुरू. जिनं जन्मात कधी फाटकं पोलकं धड शिवलं नाही, जिचे डोळे तांदूळ निवडतानाच पाणावतात, तिला तुम्ही मुका खांब शिकवायला निघालात! रोज दुपारी दोन तास. ती टाके विसरायची, तुम्ही उसवायचात. "ऐकलंत का, पुन्हा. एक-दो. ढील नको." ती रडकुंडीला यायची. हा कसला नवा हट्ट, मला कळेना. थंडी गेली, होळी झाली, तरी चालूच. शेवटी एकदा कचेरीतून येऊन बघते तर आई डोळ्यांना पाणी लावून पुन्हा बसतेय. माझं डोकं फिरलं.

"आबा, जन्मभर पलटणीत हुकूम ऐकलेत, आता घरात आईची पलटण केलीत का? कशासाठी छळताय तिला?"

तुम्ही वर बघितलंत. मला वाटलं, आता तोफ उडणार. तुम्ही म्हणालात, "बीएबाई, तुम्ही तुमचं काम बघा. मागचं आम्ही बघतो." आणि पुन्हा सुईत मान घातलीत. मी आणखीही बोलले. "अडाणी हट्ट" असं म्हणाले. शब्द आठवतो मला, विसरायची सोय नाही. आई म्हणाली, "पुरे ग, जा तू आत." आठवड्याभरानं तुम्ही पिशवी टांगलीत, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी गेलात. मध्ये आपण बोललो ते फक्त मीठ आणि पाणी.

दहाव्याला नदीच्या घाटावर मी हट्टानं आले. बायका येत नाहीत म्हणून दिनूदादा कुरकुरला. चुलतभाऊ असला तरी सगळं तोच करत होता, म्हणून त्याचं ऐकून मी लांब पायरीवर उभी राहिले. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे. पण पिंडाला कावळा शिवला नाही की गेलेल्याचं काही राहिलंय असं मानतात, आणि मग एकेक जण पुढे होऊन म्हणतो, अमुक करू, तमुक करू. म्हटलं, ठीक आहे. मी एक वाक्य तयार करून आले होते. पिशवी कोणी विणली ते मी कुमुदताईंना खरं सांगेन. बस, एवढंच. सगळे दमतील, भटजी घड्याळ बघतील, तेव्हा पुढे होऊन म्हणायचं. निदान कावळ्याच्या निमित्तानं तरी तुम्हाला सांगून होईल.

दिनूदादानं पिंड ठेवून पाठ वळवली नाही तोच कावळा आला. झाडावर बसायलाही थांबला नाही. चोच मारली आणि उडाला. सगळे म्हणाले, "वा, समाधानानं गेले हो. काही मागे ठेवलं नाही."

मी पायरीवर तशीच उभी. समाधानानं? माझं वाक्य माझ्या तोंडात, आणि तुम्ही जेवून मोकळे! इतकी कसली घाई होती, आबा? आठ दिवस पट्टा लांबायची वाट बघणारा माणूस तुम्ही. माझ्यासाठी दोन मिनिटं थांबवलं नाहीत त्या कावळ्याला.

तुम्ही का थांबला नाहीत ते आज कळलं.

या आठवड्यात सरकार इंदुरात आलं, आणि आज सकाळी कुमुदताई समाचाराला आल्या. दारातच त्यांची मान वर गेली. आत आल्या, आईशेजारी चटईवर बसल्या, तिचा हात धरला. चार शब्द बोलून झाल्यावर हलकेच म्हणाल्या, "काकू, अंगणातली ती पिशवी... माझीच का? अहो, एवढ्या प्रसंगात तुम्ही माझ्या पिशवीचं कशाला मनात ठेवलंत?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात. मला वाटलं, संपलं. आई म्हणणार, "कसली पिशवी? मला कुठं येतं विणायला?" आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "होतच आली आहे. वरचा जोड तेवढा राहिलाय." फळीवरचा तुमचा डबा काढला, सुई काढली, सुताचा तुकडा घेतला, आणि त्या सरदारांच्या नातीसमोर मुके खांब घालायला लागली. एक, दोन, तीन. वाकडे, पण घट्ट. ओठ हलत होते. "एक-दो, एक-दो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळा हिवाळा. रोज दुपारी दोन तास.

"आईला विणता येत नाही," मी म्हणाले. आवाज जरा जास्तच चढला. "म्हणजे आता येतं. पण माझी पिशवी आबांनी विणली होती. हीसुद्धा. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

कुमुदताईंनी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या सुईकडे. "काकांनी? बरं, मग?" त्यांना खरोखरच कळेना. "त्यात लपवायचं काय एवढं? आमच्याकडे वडील पापड लाटतात. सरदारकी गेली, पापड राहिले. साऱ्या गल्लीला वाटतात वर."

पापड! आबा, मी वर्षभर जे पोटात घेऊन फिरले, तुम्ही ज्याच्यासाठी त्या बिचारीचे डोळे शिणवलेत, ते सगळं त्या बाईनं एका पापडात गुंडाळून ठेवलं. आणि आई? मला वाटलं ती रडेल, निदान सुटल्यासारखा श्वास सोडेल. तिनं सुई आपटली. "मूर्ख कुठली! एवढं होतं तर आधी बोलायचंस. मी चार महिने बोटं घासली ती काय फुकट?"

कुमुदताई गेल्यावर तिनं सांगितलं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला, सरकार ग्वाल्हेरला परत निघालं तेव्हा, त्या निरोप घ्यायला आल्या होत्या. मी घरात नव्हते. ओट्यावर तुम्ही होतात, सुई नेमकी खिशात. त्या म्हणाल्या, तुमच्या मंडळींच्या हाताला काय वळण आहे हो. तुम्ही म्हणालात, "आहेच मुळी." आणि आत येऊन आईला म्हणालात, "ऐकलंत का, पोरगी तुमचं नाव सांगून बसली आहे. ग्वाल्हेरवालीसमोर तोंडघशी पडायला नको. शिकून घ्या." मला यातलं एक अक्षर सांगायचं नाही, अशी तिला शपथ.

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी "अडाणी हट्ट" म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं. एकदा माझे कान उपटले असतेत तर? "का ग, बापाची लाज वाटते?" एवढं विचारलं असतंत तर? मी रडले असते, माफी मागितली असती, आणि सगळं मोकळं झालं असतं. सरळ माणसं असंच करतात. तुम्ही मात्र माझं खोटं खरं करायला घेतलंत, टाक्यावर टाका घालून, दहा पावलं मागून. याला काय म्हणायचं, आबा? यावर मी आता कुठे भांडू?

संध्याकाळी विटा काढल्या. पट्टा हातात घेतला तर उजवी बाजू फूटपट्टीसारखी सरळ आणि डावी लाटा खात गेलेली. पिशवी टांगलीत त्या दिवशी ती मी खालून बघितली होती आणि वाटलं होतं, आबांचा हात आता चुकायला लागला. आज आई म्हणाली, "डावा पट्टा माझा आहे. त्यांनी नऊ वेळा उसवला, दहाव्यांदा राहू दिला."

मी मोजलं. तुमची बाजू बरोबर चार बोटं लांबली आहे. आईची सात. पिशवी एका अंगाला कलते. आई जोड उसवून बसली आहे, मी मोजून देते आहे, आणि माझं ऐकायचं नाही हे तीही आता तुमच्याकडून शिकली आहे. तळाची अर्थातच वाटी झालेली आहे.

रविवारी कुमुदताई आणि बाकीच्या सिरपूरला निघणार आहेत. आई म्हणते, पंधरा दिवस झाले, जा, पिशवी तू स्वतः त्यांच्या हातात दे. लोक बोलतील. बोलू देत. तिथे कोणी ना कोणी पिशवी उलटी करून बघणार आणि विचारणार, कोणी विणली. आईनं आत्ताच बजावलं आहे, "डाव्या पट्ट्याचंही सांग हो."

सांगेन. पिशवी आबांची, उजवा पट्टा आबांचा, डावा आईचा. आणि गेल्या वर्षीचं खोटं माझं.